धरणार कोण? – वन्यप्राण्यांच्या रुग्णालयाचे भौतिकशास्त्र

धाराशिव जिल्ह्यातील परांडा तालुक्यात सोनारी नावाचे गाव आहे. काळभैरवनाथाचे ठाणे म्हणून ते प्रसिद्ध असून चैत्रात तेथे मोठी यात्रा भरते. सोनारीला एकदा जाऊन आलेल्या माणसाला देवळाबरोबर आणखी एक गोष्ट कायम लक्षात राहते. ती म्हणजे तेथील माकडे. हातातला नारळ, पिशवीतला प्रसाद आणि नाकावरचा चष्मा यांना ती सारख्याच आपुलकीने वागवतात! गावकरी त्यांना देवाची माणसे समजतात. याच जिल्ह्यातील उपळा गावी तर बत्तीस एकर जमिनीची नोंद माकडांच्या नावे आहे आणि २०२२ साली ही बातमी वृत्तपत्रांतून बरीच गाजली होती.

काही वर्षांपूर्वी मी सोनारीला गेलो असता एक माकडीण छपरावरून खाली पडली. कुणी म्हणाले विजेच्या तारेला लागली, कुणी म्हणाले शेतात फवारलेले काहीतरी खाल्ले, कुणी म्हणाले पान लागले. तिचे पिलू पोटाला घट्ट धरून बसले होते. कळपातले दोन मोठे नर दात विचकून कुणालाही जवळ येऊ देत नव्हते. गुरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून तातडीने आले. त्यांनी पेटी उघडली, पाच-दहा मिनिटे लांबूनच पाहिले आणि म्हणाले, ‘‘औषध आहे माझ्याकडे. पण हिला धरणार कोण?’’

या प्रश्नाला तेथे जमलेल्या पन्नास माणसांपैकी कुणापाशीच उत्तर नव्हते. संध्याकाळपर्यंत ती माकडीण गेली. लोकांनी तिला हळदकुंकू वाहून, नवे वस्त्र घालून रीतसर पुरले. ती कशाने मेली हे शेवटपर्यंत कळले नाही.

गाय आजारी पडली तर मालक तिची शिंगे धरतो, वेसण खेचतो, ‘‘हो, हो’’ म्हणत पाठीवरून हात फिरवतो आणि डॉक्टर सुई टोचतात. म्हणजे गाईच्या उपचारात डॉक्टरांइतकाच मालकाच्या हातांचाही वाटा असतो. वाघाला, बिबट्याला, माकडाला असा मालक नसतो. मग हे हात आणायचे कुठून? उत्तर असे की, ते इमारतीनेच व्हायचे! वन्यप्राण्यांचे रुग्णालय म्हणजे रुग्णाला न शिवता धरून ठेवणारी इमारत. ही इमारत कशी बांधतात हे पाहू लागलो, की आपल्या आठवी ते बारावीच्या पुस्तकांतले अर्धे भौतिकशास्त्र तिच्या भिंतींत सापडते. तेच आज आपण पाहू या.

नागपूरचे गोरेवाडा

सोनारीपासून पाचशे किलोमीटरच्या पुढे, नागपूर शहराच्या कडेला, गोरेवाडा तलावाभोवती मोठे जंगल आहे. तेथील प्राणिउद्यानाचे उद्घाटन २६ जानेवारी २०२१ रोजी झाले. पण त्याच्या आधीपासून तेथे वन्यप्राणी बचाव केंद्र चालू होते. विहिरीत पडलेला बिबट्या, गाडीची धडक बसलेले हरीण, माणसांवर हल्ले केल्यामुळे जंगलातून पकडून आणलेला वाघ असे रुग्ण तेथे येतात. त्यांच्याजवळच महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे वन्यप्राणी संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. प्राणिसंग्रहालय, रुग्णालय आणि संशोधनशाळा एकाच आवारात, अशी ही व्यवस्था आहे. ती का लागते, हे २०२४ सालच्या डिसेंबरात फार कठोरपणे दिसून आले.

त्या महिन्यात गोरेवाड्याच्या बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या थोड्या दिवसांच्या अंतराने दगावले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे पाठवण्यात आले. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला उत्तर आले, ‘एच-५ एन-१’. म्हणजे कोंबड्यांना मारणारा बर्ड फ्लूचा विषाणू! भारतात कोंबड्यांमध्ये त्याची पहिली मोठी साथ २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आली होती. पण कोंबड्यांचा रोग वाघाला कसा? थायलंडमधील एका व्याघ्र-प्राणिसंग्रहालयात २००४ च्या ऑक्टोबरमध्ये हाच विषाणू शिरला होता. तेथे वाघांना कोंबड्यांचे कच्चे मांस घातले जात असे. ४४१ वाघांपैकी १४७ वाघ एक तर मेले किंवा रोग पसरू नये म्हणून मारावे लागले.

हा १४७ चा आकडा नीट लक्षात ठेवा. रुग्णालय बांधताना पहिली चिंता यंत्रांची नसते, ती या आकड्याची असते. एका आजाऱ्याला बरे करण्यासाठी बांधलेल्या इमारतीत शंभर निरोगी प्राणी आजारी पडू शकतात.

पहिली रेघ कोठे ओढावी?

समजा, तुमच्यापुढे कोरा कागद आहे आणि तुम्हाला अशा रुग्णालयाचा नकाशा काढायचा आहे. बहुतेक विद्यार्थी मधोमध शस्त्रक्रियागृह काढतील. मी स्वतः पहिली रेघ काढीन ती मेलेला प्राणी बाहेर नेण्याच्या वाटेची. शवविच्छेदनाची खोली आवाराच्या अगदी टोकाला, तिचा दरवाजा वेगळा, तिची गाडी वेगळी, आणि तिची वाट खाद्यघराच्या वाटेला कोठेही छेदता कामा नये. दुसरी रेघ नव्याने आलेल्या प्राण्यांच्या विलगीकरण-कोठड्यांची. नवा प्राणी दिसायला कितीही ठणठणीत असला तरी किमान महिनाभर तो इतरांपासून दूर राहिला पाहिजे.

दूर म्हणजे कोणत्या दिशेला? वाऱ्याच्या खालच्या अंगाला, असे उत्तर तुम्ही द्याल. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे. आपल्या दख्खनमध्ये पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, तर हिवाळ्यात पूर्वेकडून आणि ईशान्येकडून. जून महिन्यात जी बाजू वाऱ्याच्या खाली असते तीच डिसेंबरात वर येते. तेव्हा वाऱ्याच्या भरवशावर नकाशा काढता येत नाही. अंतर, झाडांची रांग आणि भिंत यांचाच भरवसा धरावा लागतो.

पाण्याचे मात्र तसे नाही. पाणी ऋतू पाहत नाही, फक्त उतार पाहते. फरशीला पन्नासात एक असा उतार दिला तर पाच मीटर लांबीच्या कोठडीत एका टोकाचे पाणी दुसऱ्या टोकापेक्षा दहा सेंटिमीटर वर असते, आणि पाइपाने धुतलेले सारे पाणी मागच्या गटारात जाते. उतार नेहमी निरोगी प्राण्यांकडून आजाऱ्यांकडे. कधीही उलटा नाही. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पाहुणे येतात ते क्ष-किरण यंत्र पाहायला. गटार पाहायला कुणी वाकत नाही. पण चुकलेले यंत्र बदलता येते, चुकलेला उतार बदलायला फरशी फोडावी लागते.

फुंकर आणि कोठडीची खोली

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वाघाला धरणार कोण? एक मार्ग म्हणजे सरकत्या भिंतीचा पिंजरा. त्याची एक बाजू स्क्रूच्या दांड्याने हळूहळू आत सरकवता येते. बाहेरचा माणूस हँडल फिरवतो. हँडलच्या एका पूर्ण फेऱ्यात त्याचा हात मीटरभर फिरतो तेव्हा भिंत जेमतेम काही मिलिमीटर सरकते. अंतर कमी झाले की बल वाढते, हा साध्या यंत्राचा नियम. प्राणी दोन जाळ्यांमध्ये अलगद अडकला की मांडीत सुई टोचता येते.

दुसरा मार्ग फुंकनळीचा. लांब नळीतून औषधाची पिचकारी फुंकरीने मारायची. या पिचकारीचे दोन कप्पे असतात. पुढच्या कप्प्यात गुंगीचे औषध, बहुधा केटामिन आणि झायलाझिन, आणि मागच्यात दाबलेली हवा. सुईचे टोक बंद असून भोक तिच्या बाजूला असते व त्यावर रबराची छोटी नळी चढवलेली असते. सुई कातडीत शिरली की रबर मागे सरते, भोक उघडते आणि मागची हवा औषध आत ढकलते. डॉक्टर पाच मीटरवर उभा असतो आणि इंजेक्शन देण्याचे काम ती कोंडलेली हवा करते!

माणसाच्या फुंकरीत किती जोर असतो? आपण हिशेब करू. नळीचा आतला व्यास ११ मिलिमीटर असेल, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे ०.९५ चौरस सेंटिमीटर होते. फुंकरीचा दाब ५,००० पास्कल धरू. म्हणजे अर्धा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका. बल येते सुमारे ०.४७५ न्यूटन. नळी दोन मीटर लांब असेल तर कार्य ०.९५ ज्यूल. घर्षण सोडून दिले तर ही सर्व ऊर्जा ८ ग्रॅम वजनाच्या पिचकारीला मिळते आणि तिचा वेग दर सेकंदाला सुमारे १५ मीटर येतो. सायकलस्वाराच्या वेगाच्या तिप्पट म्हणा. त्वचा टोचायला तो पुरेसा आहे, हाड मोडायला नाही; आणि तेच हवे. गॅसच्या बंदुकीने वेग दुप्पट केला, की गतिज ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. एका माकडाचा हात त्याने मोडू शकतो. म्हणून लहान रुग्णासाठी फुंकरच चांगली.

पण १५ मीटरच्या वेगाला एक अडचण आहे. १० मीटर अंतर कापायला पिचकारीला सुमारे ०.६५ सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात ती गुरुत्वाकर्षणाने दोन मीटरहून अधिक खाली येते. म्हणजे वाघाच्या मांडीवर नेम धरला तर ती त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच जमिनीवर! ५ मीटरवर मात्र वेळ निम्मा लागतो आणि घसरण चौथा हिस्सा, म्हणजे अर्ध्या मीटरच्या आसपास. तेवढा नेम सवयीने वर धरता येतो. आता इमारतीकडे पाहा. रात्रीची कोठडी जास्तीत जास्त किती खोल असावी? प्राण्याला पाच मीटरच्या पलीकडे जाऊन बसता येणार नाही इतकीच. भिंत कोठे बांधायची हे गवंडी ठरवत नाही आणि वाघही ठरवत नाही. ते डॉक्टरांची फुंकर ठरवते.

गुंगीचे प्रमाण वजनावर ठरते, दर किलोला इतके मिलिग्रॅम असे. अंदाज चुकून औषध कमी पडले तर वाघ मध्येच उठतो, जास्त झाले तर कायमचा झोपतो. म्हणून कोठडीतून बाहेरच्या वाड्यात जाण्याच्या अरुंद वाटेत फरशीखाली वजनकाटा बसवून ठेवावा. प्राणी रोज त्यावरून जातो, त्याला पत्ता नसतो, आणि वहीत त्याचे वजन रोज लिहिले जाते.

गुंगीतला प्राणी आणखी एका बाबतीत असहाय असतो. त्याला स्वतःचे तापमान सांभाळता येत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि झोपलेला वाघ धापा टाकून शरीर थंड करू शकत नाही. म्हणून ही कामे पहाटे उरकतात. माकडाची गोष्ट याच्या उलट. २०० किलोच्या वाघापेक्षा ५ किलोचे माकड वजनाने चाळीसपट लहान. पण पृष्ठभाग लांबीच्या वर्गाने आणि वजन घनाने बदलत असल्यामुळे दर किलोमागे माकडाचा पृष्ठभाग सुमारे साडेतीनपट पडतो. थंड खोलीत ते झपाट्याने गारठते. त्याच टेबलावर एकाला ओला कपडा लागतो आणि दुसऱ्याला गरम पाण्याच्या पिशव्या.

हत्तीच्या पोटाचा फोटो का निघत नाही?

क्ष-किरणांची खोली हा विद्यार्थ्यांचा आवडता भाग. क्ष-किरण पदार्थातून जाताना ठराविक जाडीला निम्मे होतात. रोगनिदानासाठी वापरल्या जाणाऱ्या किरणांना मांस किंवा पाणी सुमारे ४ सेंटिमीटर लागले की ते निम्मे राहतात असे समजू. माणसाचे पोट २० सेंटिमीटर जाड असेल, तर निम्मे होण्याची क्रिया पाच वेळा घडते. २ चा पाचवा घात ३२. म्हणजे बत्तीसातला एक हिस्सा पलीकडे पोहोचतो. त्यावर चांगला फोटो निघतो.

हत्तीचे पोट मीटरभर जाड धरा. आता निम्मे होण्याची क्रिया पंचवीस वेळा. २ चा पंचविसावा घात काढा पाहू! ३,३५,५४,४३२. म्हणजे सव्वातीन कोटींहून अधिक भागांतला एक भाग पलीकडे जाईल. यंत्राची शक्ती दहापट केली तरी काही साधत नाही. दहापट शक्ती म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन वेळच्या निम्म्याची भरपाई, अर्थात १३ सेंटिमीटर. त्यामुळे हत्तीच्या पायांचे क्ष-किरण फोटो निघतात, पोटाचे निघत नाहीत. हत्तीचे पोट कळण्यासाठी डॉक्टर आजही लिदीकडे, रक्ताकडे आणि माहुताच्या बोलण्याकडे वळतात. बुद्धिबळाच्या पटावर गव्हाचे दाणे दुप्पट करीत जाणाऱ्या हुशार माणसाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. येथे तीच गोष्ट उलटी घडते.

जो नियम डॉक्टरांना हत्तीपाशी अडवतो, तोच भिंतीपाशी त्यांना वाचवतो. नऊ इंची विटेची भिंत साधारण दीड-दोन मिलिमीटर शिशाइतके क्ष-किरण अडवते. तेव्हा खोलीला शिशाची भिंत लागत नाही, आपली नेहमीची पक्की वीट चालते. दाराला मात्र शिशाचा पत्रा लावावा लागतो. आणि ज्याला आत थांबणे भागच आहे त्याला व्यस्त वर्गाचा नियम मदत करतो. यंत्रापासून एक मीटरऐवजी तीन मीटरवर उभे राहिले की किरणांची तीव्रता नवव्या हिश्शावर येते. गाईचा मालक गाईला धरून उभा राहतो; येथे गुंगीतल्या वाघाला कुणी धरायची गरजच नाही, सगळ्यांनी मागे व्हायचे.

आत ओढणारी खोली

आता सर्वांत नाजूक भाग, प्रयोगशाळा. नमुन्यातला विषाणू खोलीबाहेर जाता कामा नये. दार तर उघडावेच लागते. मग उपाय काय? खोलीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जरासा कमी ठेवायचा. पंख्याने आतली हवा सतत बाहेर ओढली जाते, आणि फटी असतील तेथून बाहेरची हवा आत येते. आतली बाहेर जात नाही.

जरासा म्हणजे किती? साधारण साडेबारा पास्कल. ऐकायला हे काहीच नाही. जमिनीवरून फक्त एक मीटर वर चढलात तरी वातावरणाचा दाब सुमारे १२ पास्कलने कमी होतो! म्हणजे तुम्ही स्टुलावर चढता तेव्हा डोक्याभोवती जेवढा फरक पडतो तेवढाच. पण तो सगळ्या दारावर एकदम लागतो. दोन चौरस मीटरच्या दारावर २५ न्यूटन, म्हणजे अडीच किलोचे वजन टांगावे तसे. आणि दाराखालच्या फटीतून हवा दर सेकंदाला साडेचार मीटर वेगाने आत घुसते. त्या वाऱ्याविरुद्ध पोहून बाहेर जाणे एखाद्या सूक्ष्म थेंबाला जमत नाही. अशा दोन-तीन खोल्या एकीपुढे एक ठेवतात आणि प्रत्येकीत दाब पायरीपायरीने उतरवत नेतात.

बाहेर ओढलेली हवा गाळून सोडावी लागते. त्यासाठी ‘हेपा’ नावाचे काचतंतूंचे गाळणे वापरतात. ०.३ मायक्रोमीटरचे १०,००० कण आले तर त्यांतले जास्तीत जास्त ३ कण ते निसटू देते. येथे एक चलाख विद्यार्थी हमखास विचारतो, ‘‘सर, फ्लूचा विषाणू तर ०.१ मायक्रोमीटरचा असतो. मग तो सहज निसटेल!’’ प्रश्न चांगला आहे, उत्तर त्याहून चांगले. हे गाळणे चहाच्या गाळणीसारखे भोकांनी गाळत नाही. मोठा कण जड असतो. हवा तंतूला वळसा घालते तेव्हा त्याला वळता येत नाही आणि तो तंतूवर आपटतो. फार लहान कणाला हवेचे रेणू इकडून तिकडून धक्के देतात, तो ब्राउनच्या गतीने झिंगत चालतो आणि भटकता भटकता तंतूला चिकटतो. अडचण होते ती मधल्याची, जो वळण्याइतका हलका आहे पण झिंगण्याइतका हलका नाही. तो ०.३ च्या आसपासचा. म्हणून परीक्षा त्याचीच घेतात. ०.१ चा विषाणू त्याच्यापेक्षा सहज सापडतो.

वीज गेली की पंखा थांबतो, पंखा थांबला की दाब सारखा होतो. ज्यांनी भारनियमनाचे दिवस पाहिले आहेत त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगायला नको. जनित्र आधी आणि सूक्ष्मदर्शक नंतर, असे माझे मत आहे.

अशी संपूर्ण सुरक्षित प्रयोगशाळा प्रत्येक प्राणिसंग्रहालयात बांधता येत नाही आणि बांधूही नये. गोरेवाड्याचे नमुने सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या भोपाळला गेले ते याच कारणाने. स्थानिक रुग्णालयाचे काम नमुना नीट घेणे, थंड ठेवणे आणि तिहेरी वेष्टनात पाठवणे हे. आणि उत्तर येईपर्यंत प्रत्येक प्राण्याला जागच्या जागी थांबवणे. हे थांबवणे त्या पहिल्या दोन रेघांनीच जमते.

उणे १९६ अंश

रुग्णालयाच्या शेजारी संशोधनशाळा असली, की आणखी एक गोष्ट साधते. दुर्मिळ प्राण्यांच्या पेशी आणि वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला वर्षानुवर्षे ठेवता येते. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संस्थेची ‘लॅकोन्स’ ही प्रयोगशाळा तेथील नेहरू प्राणिसंग्रहालयाच्या सहकार्याने हे काम करते. तेथे २००६ साली कृत्रिम रेतनाने चितळाचे पाडस जन्मले. त्याचे नाव ठेवले ‘स्पॉटी’.

या थंड खोलीत एक धोका दबा धरून असतो. एक लिटर द्रव नायट्रोजनपासून सुमारे ७०० लिटर वायू होतो. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच अशा खोलीत १० लिटर सांडले तर ७ घनमीटर वायू तयार होईल. खोलीत एकूण हवा २७ घनमीटर. ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या आसपास येईल. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही. माणूस नुसता खाली बसतो. गार वायू जड असल्यामुळे तो जमिनीलगत साठतो. म्हणून या खोलीचा हवा ओढणारा झरोका आढ्याला न ठेवता फरशीजवळ ठेवतात. घरातल्या स्वयंपाकघराच्या अगदी उलट!

माकड मेले तर माणसाचे काय?

१९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. गोचिडांमार्फत पसरणारा तो विषाणू पुढे ‘माकडताप’ म्हणून ओळखला गेला. २०१६ साली तो आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात आला. तेथे मेलेले माकड दिसले की आरोग्य खात्याला कळवा, असे लोकांना सांगावे लागले. म्हणजे माकडाचे शवविच्छेदन ही गावाच्या आरोग्याची पहिली वर्दी ठरली. माणूस, जनावर आणि रान यांचे आरोग्य एकत्र अभ्यासणाऱ्या राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरला झाली, ती याच विचाराने.

सोनारीला माकडताप आहे असे कृपया कुणी समजू नये. तसे काही नाही. पण त्या संध्याकाळी आम्ही जिला हळदकुंकू वाहून पुरले, तिच्या रक्ताचा एक थेंबही कुणी घेतला नव्हता. तारेने मेली असती तर तार बांधता आली असती. फवारणीने मेली असती तर शेतकऱ्याला सांगता आले असते. तिच्या पिलाला दुसऱ्या एका मादीने उचलून नेले, इतके मी डोळ्यांनी पाहिले.

करून पाहा, विचार करा

१. पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीला ‘यू’ अक्षराचा आकार देऊन तीत रंगीत पाणी भरा. एका तोंडात फुंकर मारून दुसऱ्या बाजूचे पाणी किती सेंटिमीटर वर चढते ते मोजा. दोन्ही पातळ्यांतला फरक घ्यायला विसरू नका. एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ९८ पास्कल. वर धरलेले ५,००० पास्कल तुम्हाला जमतात का? वर्गात सर्वांत जोराची फुंकर कुणाची?

२. याच नळीने प्रयोगशाळेतला साडेबारा पास्कलचा फरक मोजायचा तर पाणी जेमतेम सव्वा मिलिमीटर सरकेल. नळी उभी न धरता तिरपी धरली तर वाचणे सोपे का होते? नळी जमिनीशी ५ अंशांचा कोन करीत असेल तर तेच पाणी नळीत किती सरकेल?

३. सोनारीच्या देवळाच्या आवारातील एका माकडाचे वजन त्याला न धरता, न भिवविता काढायचे आहे. तुमच्याजवळ एक लाकडी फळी, एक ताणकाटा, दोरी आणि मूठभर भुईमुगाच्या शेंगा आहेत. मांडणीची आकृती काढा. माकड फळीवर स्वस्थ बसणार नाही, उडी मारून येईल. त्या क्षणी काटा खऱ्या वजनापेक्षा जास्त दाखवील की कमी, आणि खरे वजन कोणत्या क्षणी वाचाल? हा प्रयोग कागदावरच करावयाचा आहे. माकडाचा चावा रेबीजच्या दृष्टीने कुत्र्याच्या चाव्याइतकाच गंभीर मानतात.